फोर-के कॅमेरे घेण्याआधी मीटरपट्टी घेऊन गेटवर उभे राहा

पहाटे तीनच्या सुमारास आमच्या स्टिल्ट पार्किंगमधून मोटरसायकल चोरीला गेली, तेव्हा सोसायटीत आठ मेगापिक्सेलचे १६ कॅमेरे बसवून जेमतेम सात महिने झाले होते. गाडी ज्याची गेली तो मुलगा रोज तिच्यावरूनच भिवंडीला गोदामात कामाला जायचा. अर्धे हप्ते अजून फेडायचे होते. सकाळी कमिटीच्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंग लावलं. माणूस आला, हँडल लॉक तोडलं, गाडी ढकलत बाहेर नेली, सगळं दिसलं. फक्त चेहऱ्याच्या जागी करडा डाग होता. चौकशीला आलेले हवालदार म्हणाले, "जरा झूम करा की." झूम केलं, तर डागाचे चौकोन झाले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या या सोसायटीच्या कमिटीत मी तेव्हा होतो आणि त्या कोटेशनवर माझीही सही होती. "आता फोर-के आहे, नंबर प्लेटसुद्धा वाचता येईल," असं सभासदांना मीच सांगितलं होतं. म्हणून पुढचे काही महिने मी प्रत्येक कॅमेऱ्याखाली टेप घेऊन उभा राहिलो, रात्री चालून पाहिलं, आकडे लिहून काढले. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्यांच्या सोसायटीत सध्या "जुने काढून फोर-के बसवू या" असा विषय निघाला आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. सभासदांचे पैसे आहेत, ते एकदाच आणि नीट खर्च व्हावेत.

चौपट पिक्सेल, पण अंतर फक्त दुप्पट

दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं असतं. आठ मेगापिक्सेलचं, म्हणजे ज्याला बाजारात फोर-के म्हणतात त्याचं, ३८४० बाय २१६०. एकूण पिक्सेल चौपट झाले हे खरं. पण ते आडवे दुप्पट आणि उभे दुप्पट असे वाटले गेले. लेन्स तीच ठेवली तर जो चेहरा आधी चार मीटरवर ओळखू यायचा, तो आता आठ मीटरवर ओळखू येईल. सोळावर नाही. विक्रेता "चौपट" म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोक्यात अंतर चौपट होतं, आणि पुढची सगळी निराशा तिथूनच सुरू होते.

मेगापिक्सेल बाजूला ठेवून एकच आकडा धरा: पिक्सेल प्रति मीटर. माणूस ज्या जागी उभा आहे, त्या जागची एक मीटर रुंदी चित्रात किती पिक्सेल व्यापते? आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी पायऱ्या दिल्या होत्या. कोणीतरी आहे एवढं कळायला २५ पिक्सेल प्रति मीटर, कपडे-हालचाल पाहायला साधारण ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०. चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद धरला, तर २५० च्या हिशेबाने त्याला ४० पिक्सेल मिळतात. त्यात डोळे, नाक, हनुवटी, सगळं बसवायचं.

आता आमच्या चोरीचा हिशेब करा. कॅमेरा खांबावर, लेन्स २.८ मिलिमीटर, गाडी १८ मीटर दूर. त्या अंतरावर चित्राची रुंदी साधारण ३६ मीटर (ती कशी काढायची, ते दुसऱ्या पायरीत). ३८४० भागिले ३६, म्हणजे मीटरला १०७ पिक्सेल. चेहऱ्याला १७. तेही दिवसाउजेडी, स्वच्छ काच आणि स्थिर माणूस धरून.

पहिली पायरी: कागदावर रस्ता काढा

कोटेशन मागवण्याआधी सोसायटीचा साधा नकाशा काढा आणि बाहेरचा माणूस कुठून आत येतो, कुठून बाहेर जातो, त्या रेषा आखा. मुख्य गेट, छोटं गेट, लिफ्टची लॉबी, जिन्याचं दार, मागची भिंत जिथे उडी मारता येते ती जागा. या रेषा जिथे अरुंद होतात, जिथून गेल्याशिवाय गत्यंतर नाही, त्या जागांवर गोल करा. आमच्याकडे असे पाचच गोल निघाले.

ओळख पटवण्याचं काम फक्त या गोलांवर करायचं. बाकीच्या ठिकाणी काय घडलं आणि माणूस कुठल्या दिशेने गेला एवढं कळलं तरी पुरे. प्रत्येक कॅमेऱ्याने सगळंच पाहावं ही अपेक्षा धरली की प्रत्येक कॅमेरा रुंद लेन्सचा येतो, आणि मग एकही कॅमेरा चेहरा देत नाही. पार्किंगभर चेहरा टिपण्यापेक्षा पार्किंगच्या तोंडाशी टिपणं कितीतरी सोपं, आणि स्वस्तही.

दुसरी पायरी: लेन्सचा हिशेब

गणित सातवी-आठवीचं आहे. चित्राची रुंदी म्हणजे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा. बाजारातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२.८ इंच म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो, त्याची रुंदी साधारण ५.६ मिलिमीटर. म्हणजे २.८ ची लेन्स असेल तर चित्राची रुंदी अंतराच्या दुप्पट. ४ ची असेल तर १.४ पट. ६ ची असेल तर अंतराहून थोडी कमी. १२ ची असेल तर निम्म्याहून थोडी कमी. रुंद लेन्समध्ये कडांना चित्र वाकतं, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

आमच्या गेटवर केबिनच्या छज्जापासून माणूस थांबतो ती जागा आठ मीटर. तिथे आठ मेगापिक्सेल आणि २.८ ची लेन्स लावली तर चित्र १६ मीटर रुंद, मीटरला २४० पिक्सेल. आता तिथेच जुना दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या, पण लेन्स ६ ची. चित्र साडेसात मीटर रुंद, मीटरला २५७ पिक्सेल. जुना, स्वस्त कॅमेरा जिंकला. आमचं गेट सहा मीटरचं आहे, म्हणजे साडेसात मीटरच्या चित्रात ते पूर्ण बसतं. उरलेल्या रुंदीत फोर-के कॅमेरा समोरच्या रिक्षा स्टँडचं आणि सर्व्हिस रोडवरच्या ट्रॅफिकचं उत्कृष्ट चित्रण करत होता.

म्हणून पाच गोलांसाठी वेरीफोकल लेन्स मागा, २.८ ते १२ मिलिमीटर अशी मिळते. बसवल्यावर जागेवर फिरवून रुंदी ठरवता येते. स्थिर लेन्सच्या कॅमेऱ्यापेक्षा ती महाग पडते, पण पाचच तर घ्यायच्या आहेत.

उंचीचंही बघा. कॅमेरा हाताला लागू नये म्हणून आमच्या कंत्राटदाराने तो साडेचार मीटरवर ठोकला होता. पाच मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाकडे तो ३० अंश वरून पाहतो, म्हणजे टोपी आणि कपाळ. तीन मीटरवर आणला तर तोच कोन १५-१६ अंश होतो आणि चेहरा समोर येतो. लॉबीत तर अडीच मीटरही चालतात. तोडफोडीची भीती असेल तर वर दुसरा साधा कॅमेरा लावा जो खालच्याकडे लक्ष ठेवेल, पण चेहऱ्याचा कॅमेरा चेहऱ्याच्या जवळपासच्या उंचीवर हवा.

तिसरी पायरी: रात्र

खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. विक्रेत्याचा डेमो दुपारी बारा वाजता होतो. चोर दुपारी बारा वाजता येत नाही.

सेन्सरचा आकार तोच ठेवून त्यावर चौपट पिक्सेल बसवले तर प्रत्येक पिक्सेल चौथाई क्षेत्रफळाचा होतो. दोन मेगापिक्सेलच्या १/२.८ इंची सेन्सरवर एक पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा असतो. तेवढ्याच सेन्सरवर आठ मेगापिक्सेल बसवले की तो १.४५ मायक्रॉनचा. पागोळीखाली तपेलं ठेवलं काय आणि वाटी ठेवली काय, पाऊस तोच, पण वाटीत पडणारं पाणी कमी. उजेड कमी मिळाला की कॅमेरा सिग्नल वाढवतो, त्याबरोबर दाणेही वाढतात, मग ते दाणे घालवायला चित्र घासून गुळगुळीत करतो. चेहऱ्याच्या बारीक रेषा या घासण्यातच जातात. रात्री स्टिल्टमधल्या आमच्या फोर-के चित्रात भिंतीचा रंग मस्त सपाट दिसायचा आणि माणसं मेणाची वाटायची, ती याचमुळे.

त्यामुळे आठ मेगापिक्सेल घ्यायचेच असतील तर सेन्सरचा आकार विचारा. १/१.८ इंची सेन्सरवर आठ मेगापिक्सेलचा पिक्सेल साधारण २ मायक्रॉनचा होतो, १/१.२ इंचीवर पुन्हा २.९ चा. म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्याइतका उजेड प्रत्येक पिक्सेलला हवा असेल तर सेन्सर बराच मोठा लागतो आणि किंमतही त्याप्रमाणे चढते. कोटेशनमध्ये नुसतं "आठ मेगापिक्सेल, नाइट व्हिजन" लिहिलं असेल तर ते अपुरं समजा.

दुसरी गोष्ट शटर. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, बऱ्याचदा १/२५ सेकंद. माणूस साध्या चालीने सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. १/२५ सेकंदात तो साडेपाच सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे १६ सेंटीमीटरच्या चेहऱ्याचा तिसरा हिस्सा चित्रात फासला जातो. पिक्सेल दोन लाख असोत की दोन कोटी, हा फासटा तेवढाच राहतो. शटर १/१०० केलं तर तो दीड सेंटीमीटरवर येतो. पण मग उजेड चौथाई मिळतो, आणि तो बाहेरून आणावा लागतो. (१/१०० यासाठीही सोयीचं की आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेगळं काही शटर लावलं तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसू शकतात.)

म्हणून माझा पहिला सल्ला असा की पाच गोलांवर आधी दिवे लावा. पांढरे, एकसारखे, चेहऱ्याच्या दिशेने येणारे, डोक्यावरून खाली पडणारे नव्हेत. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. आम्ही छोट्या गेटवर दोन एलईडी बसवले, त्याच जुन्या कॅमेऱ्याचं शटर १/१०० केलं, आणि जो फरक पडला तो आठ मेगापिक्सेलने पडला नव्हता.

इन्फ्रारेडवर, म्हणजे कॅमेरा रात्री वापरतो त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर, भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खोक्यावर "३० मीटर" लिहिलेलं असतं, पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. ३० मीटरवर कोणीतरी आहे एवढं कळतं, चेहरा नाही. शिवाय प्रकाशाचाही स्वतःचा जाडपणा असतो: ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडचा सर्वांत बारीक ठिपका एफ १.६ च्या उत्तम लेन्समधूनही ३.३ मायक्रॉनच्या आसपास पडतो. १.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तो दोनांहून जास्त पिक्सेल व्यापतो. म्हणजे रात्री इन्फ्रारेडवर चालणारा छोट्या सेन्सरचा फोर-के कॅमेरा खऱ्या अर्थाने फोर-के राहतच नाही.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर लेन्सच्या अगदी जवळून पडणारे थेंब इन्फ्रारेडमध्ये चमकतात आणि पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी होते. कॅमेऱ्याच्या ऊबेला आणि उजेडाला कीटक येतात, त्यांच्या मागे कोळी येतो, आणि कोळ्याचं एक जाळं रात्रभराचं चित्र पांढरं करून टाकतं. उपाय जुनाच आहे: कॅमेऱ्यातलं इन्फ्रारेड बंद करा आणि वेगळा दिवा एक-दोन मीटर बाजूला लावा. थेंब आणि जाळं लेन्ससमोर राहतं, पण त्यावर उजेड पडत नाही. पावसाळ्यात पारदर्शक घुमटाच्या डोम कॅमेऱ्यापेक्षा छज्जाखालचा नळकांड्यासारखा बुलेट कॅमेरा बरा. डोमच्या काचेवर पाण्याचे डाग आणि आतून वाफ धरते, आणि आमच्याकडे तर मेट्रो ४ च्या कामाची धूळ वर्षानुवर्षं त्यावर बसत आली आहे. त्या धुळीतून दोन मेगापिक्सेल आणि आठ मेगापिक्सेल सारखंच धुरकट दिसतं.

नंबर प्लेट हे वेगळं काम आहे

चेहऱ्याचा कॅमेराच प्लेटही वाचेल या आशेवर राहू नका. कारच्या प्लेटवरची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच असतात, रेघ १० मिलिमीटर जाड. २५० पिक्सेल प्रति मीटरला ती रेघ अडीच पिक्सेलची. गाडी उभी असेल तर वाचता येते. पण ताशी २० किलोमीटरने आत शिरणारी गाडी १/२५ सेकंदात २२ सेंटीमीटर पुढे जाते. अक्षरं राहतात कुठे? प्लेटसाठी शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान हवं, तेव्हा हे सरकणं एक सेंटीमीटरवर येतं.

इतक्या वेगवान शटरला रात्री बाकी सगळं काळं दिसतं. तेच हवं आहे. प्लेटचा पृष्ठभाग उजेड परत फेकणारा असल्याने इन्फ्रारेडमध्ये ती एकटी उजळून दिसते, आणि हेडलाइटचा झोतही आटोक्यात येतो. तर प्लेटसाठी एक स्वतंत्र कॅमेरा, अरुंद लेन्स, एकाच लेनकडे तोंड, गाडीच्या दिशेशी ३० अंशांपेक्षा कमी कोन. आणि गेटच्या आत एक स्पीड ब्रेकर. या कामाला दोन मेगापिक्सेल पुरतात. आमचा प्लेटचा कॅमेरा दोनचाच आहे.

चौथी पायरी: वायर, स्विच, डिस्क

इथला हिशेब एका ओळीत सांगता येतो: १ एमबीपीएसचं (सेकंदाला एक मेगाबिट, यालाच बिटरेट म्हणतात) सलग रेकॉर्डिंग दिवसाला १०.८ जीबी घेतं. पुढचं सगळं गुणाकाराने निघतं.

एच.२६५ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीवर आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा नीट ठेवायचा तर ८ एमबीपीएस धरा. १६ कॅमेऱ्यांचे १२८ एमबीपीएस. दिवसाला १,३८२ जीबी. आठ टीबीच्या दोन डिस्क, म्हणजे १६ टीबी, साडेअकरा दिवसांत भरतात आणि जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. आता गणपतीचे दिवस आठवा. निम्मी सोसायटी कोकणात गेलेली, दोन आठवड्यांनी परत येते, आणि कोणाच्या तरी लक्षात येतं की खिडकीची जाळी कापली आहे. तोवर त्या रात्रीचं काहीच उरलेलं नसतं. आमच्याकडे हेही घडलं, मोटरसायकलीच्या आधी.

मग विक्रेता म्हणतो, बिटरेट कमी करू. तीन एमबीपीएसवर आठ मेगापिक्सेल दाबून बसवता येतात, आणि शांत चित्रात ते छानही दिसतं. पण पाऊस, हलणारी झाडं आणि रात्रीचे दाणे यांना जास्त बिटरेट लागतो. वरची मर्यादा घातलेली असेल तर नेमक्या त्या वेळी चित्राचे ठोकळे होतात, म्हणजे गरजेच्या क्षणीच दर्जा घसरतो. दाबलेल्या आठपेक्षा मोकळे चार मेगापिक्सेल बरे, हे मी दोन्ही शेजारी लावून पाहिलं आहे.

स्विचही बघून घ्या. आमच्या पीओई स्विचमधून (जो डेटाच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देतो) रेकॉर्डरकडे जाणारा पोर्ट १०० एमबीपीएसचा होता आणि त्यातून १२८ पाठवायचे होते. चित्र अधूनमधून अडकायचं आणि सहा महिने सगळे इंटरनेटला दोष देत होते. रेकॉर्डरकडे जाणारा हा पोर्ट, म्हणजे अपलिंक, गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) हवा. एनव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डरच्या, माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: एकूण किती एमबीपीएस आत घेतो, आणि एकाच वेळी किती फोर-के चित्रं उलगडून दाखवू शकतो. १६ चॅनेलचा स्वस्त रेकॉर्डर बऱ्याचदा फोर-केची दोनच चित्रं एकदम दाखवतो. रेकॉर्डिंग होतं, पण घटनेनंतर चार कॅमेरे शेजारी लावून पाहायचे म्हटलं की तो मान टाकतो.

वायर कॅट-६, पूर्ण तांब्याची, एका टप्प्यात १०० मीटरच्या आत. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर वीज कमी पोचते आणि रात्री कॅमेऱ्यातले दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. माझी बहीण ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहते. तिच्या सोसायटीत दुसराच शत्रू आहे, खारी हवा. जोडाच्या पिना हिरव्या पडतात. तिथे प्रत्येक जोड बंद डबीत, वायर आत शिरते तिथली केबल ग्लँड घट्ट करून आणि तोंड खाली ठेवून घ्यावा लागतो.

आमची शेवटची वाटणी

पाच गोलांपैकी चार ठिकाणी चार मेगापिक्सेल, वेरीफोकल, ४ एमबीपीएस. पाचवा गोल म्हणजे लिफ्टची लॉबी, तिथे अंतर तीन मीटर आणि उजेड दिवसरात्र, तिथे दोन मेगापिक्सेल पुरले. मुलांच्या मैदानावर आठ मेगापिक्सेलचा एक, कारण तिथे दिवसा रुंद चित्र हवं असतं आणि एखादा कोपरा नंतर मोठा करून पाहायची वेळ येते. फोर-के जिथे खरंच उपयोगी पडतं ती जागा हीच: भरपूर उजेड, मोकळी जागा, आणि नेमकं कुठे काही घडेल हे आधी माहीत नसणं. दुकानाचा गल्ला हीसुद्धा तशीच जागा. लॉबीचा धरून बाकी सगळे मिळून दोन मेगापिक्सेलचे ११, प्रत्येकी २ एमबीपीएस. बेरीज ४६ एमबीपीएस, दिवसाला ४९७ जीबी, ३० दिवसांचे १४.९ टीबी. त्याच दोन डिस्कवर आता महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं.

आधी घेतलेले बाकीचे आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे फेकले नाहीत. त्यांचं रिझोल्यूशन सेटिंगमध्ये कमी करून ते जिन्यांवर आणि टेरेसच्या दारांवर लावले. फक्त एक पथ्य पाळलं. टॉवर इतके जवळजवळ आहेत की उंचावरच्या फोर-के कॅमेऱ्याला दिवसा समोरच्या घराच्या खिडकीतलं दिसतं. त्या भागावर प्रायव्हसी मास्क टाकला, म्हणजे चित्रातला तेवढा भाग सेटिंगमधून झाकला. कोणाच्या घरात डोकावणारा कॅमेरा सोसायटीला कायद्याच्या कचाट्यातही आणू शकतो आणि शेजाऱ्याच्या मनातूनही उतरवतो.

पाचवी पायरी: कोटेशनची भाषा आणि रात्रीची चाचणी

कोटेशनमध्ये मेगापिक्सेल लिहू नका असं नाही, पण त्याच्या शेजारी हे लिहून घ्या: अमुक जागी, रात्री, किमान २५० पिक्सेल प्रति मीटर, शटर १/१०० किंवा वेगवान, सेन्सरचा आकार, कॅमेऱ्यागणिक बिटरेट, आणि ३० दिवसांचं रेकॉर्डिंग. कॅमेऱ्यांच्या सायबर सुरक्षेसाठी केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने आवश्यक निकष ठरवले, ते वर्षभराने लागू झाले. त्याप्रमाणे नेमक्या त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. आणि बिलाचा चौथा हिस्सा रात्रीच्या चाचणीनंतर देण्याची अट घाला. या एका अटीने आमच्याकडे तीनपैकी दोन विक्रेत्यांनी आपणहून लेन्स बदलून नवं कोटेशन दिलं.

चाचणी अशी. नौपाड्यातल्या एका कापड दुकानदाराकडून मी लोखंडी मीटरपट्टी मागून आणली. ती पट्टी गोलाच्या जागी एकाने आडवी धरायची, रेकॉर्डरमधून त्या क्षणाचं मूळ चित्र काढायचं, संगणकावर पेंटमध्ये उघडायचं आणि पट्टीच्या दोन्ही टोकांवर कर्सर नेऊन पिक्सेल मोजायचे. दोन मिनिटांत खरा आकडा हातात येतो, वादाला जागा राहत नाही. मग रात्री अकरानंतर, नेहमीचेच दिवे ठेवून, इतर विंगमधल्या तिघा-चौघांना साध्या चालीने जायला सांगा. एकाने टोपी घालावी, एकाने छत्री घ्यावी. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग त्यांच्या शेजाऱ्यांना दाखवा आणि कोण कोण आहे ते विचारा. हे सगळं मोबाइलवर करू नका. मोबाइलच्या ॲपवर बहुधा हलकी सबस्ट्रीम, म्हणजे चित्राची कमी दर्जाची प्रत, येते, तिथे वाईट कॅमेरा चांगला वाटू शकतो आणि चांगला वाईट.

चाचणी पावसाच्या रात्री पुन्हा एकदा करा. आम्ही दरवर्षी मेच्या अखेरीस काचा पुसतो, जाळी काढतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पट्टी घेऊन उभे राहतो.

घटना घडल्यावर

सर्वांत आधी रेकॉर्डरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ यांचा फोटो एकत्र काढा. फरक असेल तर तो लिहून ठेवा, घड्याळ लगेच दुरुस्त करू नका. मग एनव्हीआरमधून मुख्य स्ट्रीमची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून. पडद्याचं मोबाइलने चित्रीकरण करून किंवा व्हॉट्सॲपवरून पाठवलेली क्लिप पोलिसांना देऊ नका. व्हॉट्सॲप चित्र पुन्हा दाबतं, आणि एवढा खटाटोप करून मिळवलेले चेहऱ्याचे ४० पिक्सेल तिथे जातात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहायची असते. विंडोजच्या संगणकावर एसएचए-२५६ हॅश एका कमांडमध्ये निघते. ती फाइल उतरवली त्याच दिवशी काढा, कागदावर लिहा, कोणी उतरवली त्याची सही घ्या. पेन ड्राइव्हच्या दोन प्रती करा, एक पोलिसांना देऊन पोच घ्या, दुसरी पाकिटात सील करून कमिटीच्या कपाटात ठेवा. आणि त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जाऊ नये म्हणून रेकॉर्डरमध्ये ती फाइल लॉक करायला विसरू नका.